खांदा गेला म्हणून रेषेवरून उठवू नका, आणि शिकारीचा क्रॉसबोही गळ्यात मारू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी परिसरातील तिरंदाजी केंद्रांचे चालक, प्रशिक्षक आणि क्रीडा साहित्याचे विक्रेते यांस,

स. न. वि. वि.

ज्याला धनुष्य पूर्ण ओढता येत नाही त्याला सरावाच्या रेषेवर जागा नाही, असा नियम आपल्यापैकी काही केंद्रांनी लावला आहे. त्याच माणसाला दुकानात सांगितले जाते, "मग क्रॉसबो घ्या." क्रॉसबो म्हणजे दस्त्यावर आडवे बसवलेले, ट्रिगरने सुटणारे धनुष्य. दाखवला जातो तो शिकारीचा क्रॉसबो. खोक्यावर वेग ठळक छापलेला असतो, सोबत धारदार पात्यांचे बाण असतात. केंद्राने दार लावायचे आणि दुकानाने चुकीची वस्तू हातात द्यायची, या दोन्हींचा फटका एकाच दुखावलेल्या खांद्याला बसतो. म्हणून हे पत्र दोघांनाही एकत्र लिहीत आहोत, आणि ते सगळ्यांनी वाचावे म्हणून उघड लिहीत आहोत.

आमच्यात कुणी मुलांना शिकवतो, कुणी स्ट्रिंग, म्हणजे धनुष्याची दोरी, बांधून देतो आणि लिंब, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा, तपासतो, कुणाचा स्वतःचा हात शस्त्रक्रियेनंतर खांद्याच्या वर जात नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, ऊसतोडीत, कडबा कापताना खांदा, मनगट किंवा बोटे जायबंदी झालेली माणसे या भागात कमी नाहीत. त्यातली जी या खेळात आहेत ती खेळात राहावीत, धडधाकट राहावीत आणि कायद्याच्या कचाट्यात सापडू नयेत, एवढीच आमची आच आहे.

आमची पहिली तक्रार केंद्रांबद्दल आहे. "ओढता येत नाही" हे न तपासता ठरवले जाते. स्पर्धेतला पुरुष रिकर्व्हवर, म्हणजे टोके पुढे वळलेल्या बिनचाकांच्या धनुष्यावर, साधारण ४४ ते ५० पाउंड ओढतो. ते जमेना म्हणजे तिरंदाजी संपली असे होत नाही. सुट्या भागांच्या रिकर्व्हचा रायझर, म्हणजे मुठीचा मधला भाग, तोच ठेवून १८ किंवा २० पाउंडांचे लिंब लावता येतात, आणि १८ मीटरवर त्यावर उत्तम सराव होतो. कंपाउंडमध्ये, म्हणजे चाकांच्या धनुष्यात, शेवटच्या टप्प्यात ताण उतरतो. ४० पाउंडांच्या धनुष्याला ८० टक्के उतार असेल तर नेम धरताना हातावर फक्त ८ पाउंड राहतात. मात्र मधला ४० पाउंडांचा चढ एकदा पार करावाच लागतो, आणि फाटलेला स्नायुबंध बोलतो तो नेमका तिथेच. म्हणून कंपाउंडचा कमाल ताण कमी ठेवा, उताराच्या टक्क्यांवर विसंबू नका. बोटांनी स्ट्रिंग धरवत नसेल तर मनगटाला बांधायचा रिलीज, म्हणजे स्ट्रिंग धरून सोडणारी कळ, आहे, दातांत धरायचा टॅब आहे, खांद्याला पट्ट्याने बसवायचा रिलीज आहे. जन्मतःच दोन्ही हात नसलेल्या शीतल देवीने पायाने धनुष्य पेलून २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये राकेश कुमारसोबत मिश्र सांघिक कंपाउंडचे कांस्यपदक मिळवले. हे आपल्या प्रत्येक केंद्राला माहीत आहे. माहीत असूनही खांदा दुखतो म्हणणाऱ्याला आपण दारातून परत पाठवतो, हे आम्हाला सहन होत नाही.

एवढे सगळे करूनही धनुष्य जमत नसेल तरच क्रॉसबोचा विचार करावा. तो करताना खेळाडूला एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. वर्ल्ड आर्चरी या जागतिक तिरंदाजी संघटनेच्या स्पर्धांत क्रॉसबो नाही, म्हणजे धनुष्य सोडले की त्या स्पर्धाही सुटतात. क्रॉसबोची आंतरराष्ट्रीय संघटना वेगळी आहे, १९५६ साली स्थापन झालेली. तिच्या फील्ड क्रॉसबो प्रकारात मैदानी अंतरे ३५, ५० आणि ६५ मीटर आहेत, बंदिस्त जागेत १८ मीटर, आणि ताणाची कमाल मर्यादा ४३ किलो, म्हणजे ९५ पाउंड. ही मर्यादा लक्षात ठेवा, कारण दुकानात दाखवला जाणारा क्रॉसबो बहुतेक वेळा दीडशे ते दोनशे पाउंडांचा असतो.

आता दुसरी तक्रार, आणि ती विक्रेत्यांबद्दल आहे. शिकारीचा क्रॉसबो कोणत्या कामासाठी घडवला आहे हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत धनुष्याच्या शिकारहंगामात क्रॉसबोला पूर्वी मनाई होती. डॉक्टरांचा दाखला असलेल्या, धनुष्य ओढू न शकणाऱ्या शिकाऱ्याला तेवढी सूट मिळे. पुढे बऱ्याच राज्यांनी ती सगळ्यांना खुली केली. त्या शिकाऱ्याची गरज साधी असते. मचाणावर चढण्याआधी एकदा ताण चढवायचा, हरीण आले तर तीस-चाळीस यार्डांवरून एक बाण सोडायचा. दिवसाकाठी एक बाण, फार तर दोन. आपला खेळाडू एका सरावात ३६ बाण सोडतो, म्हणजे ३६ वेळा ताण चढवतो. एका बाणासाठी केलेले साधन दुखऱ्या खांद्याने ३६ वेळा चढवायला लावणे म्हणजे इजा वाढवण्याची सोय आहे. तिकडच्या जाहिराती त्या शिकाऱ्यासाठी लिहिलेल्या आहेत, त्या जशाच्या तशा इथे वाचून दाखवू नका.

तिसरी तक्रार आकड्यांची आहे, आणि तिच्यावर आम्ही जरा थांबणार आहोत, कारण निवड इथेच फसते. खोक्यावर वेग असतो, ताणाचे पाउंड असतात. ताण चढवताना गिऱ्हाइकाच्या हाताला प्रत्यक्ष किती ओढ बसेल, हा आकडा नसतो. तो असा काढावा. १५० पाउंड म्हणजे ६८ किलो. क्रॉसबोच्या तोंडाशी असलेल्या रिकाबीत पाय घालून नुसत्या हातांनी स्ट्रिंग वर ओढली तर हे ६८ किलो दोन्ही हातांत वाटले जातात, प्रत्येकी ३४. ओढदोरी वापरली, म्हणजे हूक आणि चाके लावलेली दोरी, तर ओढ निम्मी होते. एकूण ३४ किलो, प्रत्येक हाताला १७, वर घर्षणाचे थोडे. त्या बदल्यात हात दुप्पट अंतर ओढावे लागतात, म्हणून बुटक्या माणसाचे कोपर छातीच्या वर जातात आणि दुखरा खांदा तिथे अडतो. फिरकीची मूठ असलेला क्रँक लावला तर ओढ काही पाउंडांवर येते, एका हातानेही जमते. पण प्रत्येक बाणाला वेळ जातो, आणि क्रॉसबोचे वजन थोडे वाढते.

हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. सामान तोलायचा लटकता काटा घ्या. त्याचे एक टोक दोरीने पायाखाली दाबा, दुसऱ्या टोकाला आडवी काठी बांधा आणि गिऱ्हाइकाला दोन्ही हातांनी कमरेपर्यंत ओढायला सांगा. दुखणे सुरू होण्याआधी काटा किती दाखवतो ते लिहून ठेवा. त्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त ओढ लागेल असे साधन आम्ही कुणालाही घेऊ देत नाही, कारण तीच क्रिया पुन्हा पुन्हा करायची असते. काटा ४० किलो दाखवत असेल तर मर्यादा २० किलो. म्हणजे ओढदोरीसह साधारण ९० पाउंडांचा क्रॉसबो. १५० पाउंडांचा असेल तर क्रँकशिवाय नको.

कोणती इजा, त्यावर पुढचे ठरते. मागच्या, म्हणजे ओढणाऱ्या खांद्याला इजा असेल आणि हात वर उचलताना दुखत असेल, तर ओढदोरी पुष्कळदा सोसते. त्यात हात खाली, अंगालगत राहतात आणि भरलेली कळशी उचलावी तसा जोर पाय आणि पाठीतून येतो. दंडाच्या पुढच्या स्नायूचा बंध फाटला असेल किंवा कोपर दुखत असेल तर मात्र ती सोसत नाही. शिवाय एक हात कमजोर असला की स्ट्रिंग एका बाजूला जास्त ओढली जाते, ट्रिगरच्या कुलपात, म्हणजे ताणलेली स्ट्रिंग अडकते तिथे, वाकडी बसते आणि बाण दर वेळी डावीकडे किंवा उजवीकडे जातो. माणूस नेमाची दुर्बीण फिरवत बसतो आणि दोष तिथे नसतोच. ताण नसताना स्ट्रिंगवर रेलच्या, म्हणजे बाण ठेवायच्या पट्टीच्या, दोन्ही कडांशी मार्करने खूण करा. ताण चढवल्यावर दोन्ही खुणा कुलपापासून सारख्या अंतरावर दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर क्रँक घ्या, तो स्ट्रिंग सरळ ओढतो.

इजा पुढच्या, पेलणाऱ्या खांद्याला असेल तर अडचण ताणाची राहत नाही, वजनाची होते. दुर्बीण आणि बाणांच्या भात्यासह शिकारीचा क्रॉसबो साडेतीन किलोच्या आसपास जातो, आणि त्याचे बरेचसे वजन पुढे, लिंबांपाशी असते. दुखऱ्या हाताला ते दहा सेकंदही पेलवत नाही, नेम थरथरतो. अशा माणसाला उलट्या लिंबांचा, म्हणजे वजन ट्रिगरकडे सरकलेला क्रॉसबो दाखवा, भाता काढून ठेवा, आणि एकपायी किंवा तिपाई टेकण द्या. टेकणाला नकार देणारे प्रशिक्षक आम्ही पाहतो. सरावात टेकण न देण्यामागे आम्हाला तरी काही कारण दिसत नाही.

कंबर किंवा गुडघा गेलेल्या माणसाला रिकाबीशी वाकणेच नको असते. त्याने बसून क्रँकने ताण चढवावा, आणि तसे करताना क्रॉसबोचे तोंड कुठे राहते ते दुकानात करून पाहावे. उजवा खांदा पूर्ण गेला असेल तर दस्ता डाव्या खांद्याला लावता येतो. बहुतेक क्रॉसबो दोन्ही बाजूंनी चालतात. फक्त सुरक्षेचे बटण, गालाची उशी आणि क्रँकची मूठ कोणत्या बाजूला आहे ते बघावे, आणि कोणता डोळा नेम धरतो तेही. अंगठा किंवा बोटे आखूड असतील तर पुढच्या मुठीला बोटे वर येऊ न देणारी रुंद कड हवीच. रेलच्या वर आलेला अंगठा सुटलेल्या स्ट्रिंगच्या वाटेत असतो आणि तो तुटतो. ही अतिशयोक्ती नाही.

साधा रिकर्व्ह क्रॉसबो घ्यावा की चाकांचा कंपाउंड, असे आम्हाला विचारतात. आपल्या भागासाठी आमचे मत साधा घ्यावा असे आहे. तो रुंद असतो, पण त्याची स्ट्रिंग सहायक दोरीने घरीच बदलता येते. कंपाउंडची स्ट्रिंग आणि केबल बदलायला लिंब दाबून धरणारा प्रेस लागतो, आणि धनुष्याचा प्रेस बऱ्याच क्रॉसबोंना बसत नाही. विकणाऱ्याला खरेदीआधी विचारा, स्ट्रिंग कोण बदलून देणार आणि कुठे. उत्तर मिळाले नाही तर तो क्रॉसबो घेऊ नका. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात ट्रिगरच्या पेटीत गंज धरतो, कुलूप अर्धेच बसते. पावसाळ्यात प्रत्येक वापरानंतर पेटी कोरडी करणे, स्ट्रिंगला मेण लावणे आणि रेलवर वंगणाचा एक थेंब पसरणे हे ज्याला रोज जमणार नाही त्याने तो पावसात बाहेर काढू नये. उन्हात बंद गाडीतही ठेवू नये, लिंबांचे थर सुटतात.

चौथी तक्रार सुरक्षेची. ताण उतरवणे कुणी शिकवत नाही. धनुष्य हळूच परत सोडता येते, क्रॉसबो नाही. बहुतेक क्रॉसबोंचा ताण हाताने उतरवायचा नसतो. बाण सोडूनच तो उतरवायचा, आणि त्यासाठी बोथट टोकाचा वेगळा बाण लागतो. काही क्रँक ताण उतरवूनही देतात, पण मूठ हातातून सुटली आणि उलटे फिरणे रोखणारा खटका नसला तर ती उलटी गरगरते आणि मनगट मोडते. आधीच एक हात गेलेल्या माणसाचा दुसराही हात त्यात अडकू शकतो. म्हणून खटक्याचा क्रँकच घ्या.

रिकामा सोडणे त्याहून वाईट. बाण नसताना ट्रिगर दाबला की सगळी शक्ती लिंबांत परत जाते, लिंब चिरतात, कधी तुकडे उडतात. बाण असूनही तसेच होते, जर तो स्ट्रिंगला टेकलेला नसेल, किंवा नॉक, म्हणजे बाणाचे स्ट्रिंगला टेकणारे मागचे टोक, चुकीचा असेल आणि स्ट्रिंग त्याच्यावरून निसटली. अर्धचंद्राकार, सपाट, पकडणारा असे नॉकचे प्रकार आहेत. क्रॉसबोच्या पुस्तिकेत जो लिहिला तोच वापरा. बाणाची लांबी आणि किमान वजनही तिथेच असते. ४०० ग्रेन, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम, हे किमान वजन बऱ्याच ठिकाणी दिलेले दिसते. स्वस्तात मिळालेला हलका बाण लिंबांना जवळपास रिकाम्या सोडण्याइतकाच त्रास देतो. वेगळ्या रंगाचे पीस खाली, रेलच्या खाचेत. एवढे सगळे दुकानात सांगायला दहा मिनिटे लागतात, आणि ती दिली जात नाहीत.

केंद्रांच्या मॅटबद्दलही, म्हणजे बाण अडवणाऱ्या लक्ष्याबद्दलही, बोलले पाहिजे. २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला १०७ मीटर वेगाने निघाला तर त्यात जवळपास १५० ज्यूल ऊर्जा असते. २० ग्रॅमचा रिकर्व्हचा बाण ५८ मीटरच्या वेगाने गेला तर ३४ ज्यूलच्या आसपास, म्हणजे चौपटीहून जास्त फरक. रिकर्व्हसाठी लावलेली गवताची मॅट तो अडवेल असे धरून चालू नका. म्हणूनच आम्ही ९५ पाउंडांच्या वरचा क्रॉसबो केंद्रात नको म्हणतो. केंद्रांची भीती आम्हाला समजते. पण त्या भीतीचे उत्तर मर्यादा घालणे आहे, माणसाला हाकलणे नाही.

पाचवी तक्रार सगळ्यात गंभीर. "शेतातल्या रानडुकरांसाठीही चालेल" असे सांगून हे साधन विकले जाते. खानापूर तालुक्यात ऊस आणि भात उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्याला ते ऐकून मोह होतो, हे आम्ही जाणतो. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला मनाई आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत प्रयत्नही येतो. हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलेले आहेत. कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि भीमगड अभयारण्य खानापूर तालुक्यातच आहे. गाडीच्या मागे पात्यांचे बाण आणि क्रॉसबो घेऊन त्या बाजूला फिरायला गेलेला जखमी खेळाडू वनरक्षकाला खेळाडू दिसणार नाही. पिकांच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करायचा असतो, त्याला क्रॉसबो हा पर्याय नाही. आणि बाण लागलेले डुक्कर जागेवर पडेलच असे नाही. जखमी होऊन ते उसात शिरते, आणि दुसऱ्या दिवशी तोडणीला आलेल्या बाईच्या पुढ्यात येते.

आमच्या मागण्या अशा आहेत.

केंद्रांनी "ओढता येत नाही तर जागा नाही" हा नियम मागे घ्यावा. त्याऐवजी डॉक्टरांच्या दाखल्यात तीन गोष्टी मागाव्यात: दोन्ही हातांनी जमिनीपासून कमरेपर्यंत किती किलो ओढायला हरकत नाही, पुढचा हात खांद्याच्या उंचीवर किती वजन किती सेकंद पेलू शकतो, आणि कोणती हालचाल पूर्ण वर्ज्य आहे. नुसता "अयोग्य" असा शेरा स्वीकारू नये. या दाखल्यावरून आधी हलके लिंब, कंपाउंड, रिलीज असे क्रमाने करून पाहावे आणि काय केले ते लिहून ठेवावे.

क्रॉसबोसाठी प्रत्येक केंद्रात आठवड्यातून निदान दोन वेळा वेगळी वेळ ठेवावी, धनुष्यांसोबत नको. कमाल ताण ९५ पाउंड, सुरुवात १८ मीटरवर, बोथट किंवा गोल टोकाचेच बाण, पात्यांच्या बाणांना बंदी. मॅट क्रॉसबोसाठीची आणि तिच्या मागे मातीचा बांध. शिटी झाल्यावरच ताण चढवायचा, ताण चढवताना तोंड मॅटकडे, आणि शेवटचा क्रॉसबो उतरल्याशिवाय कुणी रेषेपुढे जायचे नाही. हे नियम मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत फलकावर लावावेत. खानापूर-निपाणीकडचे अनेक पालक फक्त मराठी वाचतात, आणि सुरक्षेची सूचना वाचता आलीच पाहिजे.

विक्रेत्यांनी पावतीवर ताणाचे पाउंड, ओढदोरीसह हाताला बसणारी ओढ किलोत, दुर्बिणीसह वजन, नॉकचा प्रकार आणि बाणाचे किमान वजन लिहावे. गिऱ्हाइकाने दुकानात स्वतः तीन वेळा ताण चढवून आणि बोथट बाणाने उतरवून दाखवल्याशिवाय विक्री करू नये. दुकानात बाण सोडायची जागा नसेल तर जवळच्या केंद्रात न्यावे. बोथट बाण आणि एक जादा स्ट्रिंग सोबत द्यावी. पात्यांचे बाण विकू नयेत, आणि रानडुकराचे नाव काढून विक्री करणे आजपासून थांबवावे.

ज्यांनी शिकारीचा क्रॉसबो आधीच घेतला आहे त्यांच्याकडे केंद्रांनी गुन्हेगार म्हणून पाहू नये. त्यांना बोलवा, लिंबांना चीर आहे का ते कापसाचा बोळा फिरवून पाहा, चीर असेल तिथे धागे अडकतात. कुलूप तपासा, आणि उत्पादकाने त्याच क्रॉसबोला कमी ताणाचे लिंब दिले असतील तर बदलून घ्यायला मदत करा. काट्यावरची मोजणी, लिंब-स्ट्रिंगची तपासणी आणि प्रशिक्षकांना ताण चढवण्या-उतरवण्याचे प्रात्यक्षिक यासाठी आम्ही कोणत्याही केंद्रात रविवारी विनामूल्य येऊ. केंद्रांनी जागा आणि मॅट द्यावी, काटा आणि दोरी आम्ही आणतो. नव्या सरावसत्राची नोंदणी सुरू होण्याआधी प्रत्येक केंद्राने आणि विक्रेत्याने आपला निर्णय लेखी स्वरूपात दर्शनी भागात लावावा, ही विनंती.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील तिरंदाज, प्रशिक्षक आणि साहित्य दुरुस्त करणारे